धरलं का गवत?

सावलीत लॉन धरत नाही — एवढं एकच वाक्य तुम्ही आमच्या ह्यांच्यासमोर बोलाल का, दादा? बाकी काही नको. तुम्ही आलात, बघितलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, इथं झाडाची सावली फार, इथं हे असं व्हायचंच होतं — झालं, संपलं. ते येतीलच आता कामावरून, तोवर थांबा, मी चहा टाकते. मी सांगून उपयोग नाही हो. मी म्हणजे घरातली, माझं बोलणं म्हणजे पंख्याची घरघर, सतत चालू म्हणून कुणाच्या कानात शिरत नाही. तुम्ही बाहेरचे, त्यातलं कळणारे, हातात खुरपं असलेले. तुमचं ऐकतील. — खुर्ची आणू का? बरं, उकिडवे तर उकिडवे बसा, पण तो कोपरा नका उचलू, तिथं काही नाही. या बाजूनं बघा, इथून सावली नीट कळते. म्हणजे आता नाही दिसत, आता ऊन फिरलंय, पण सकाळभर असते, अगदी गार अंधार असतो. — हो, म्हणाला होतात तुम्ही, हे सावलीतलंच वाण आहे म्हणून. आठवतंय मला. पण माणसाचा अंदाज चुकतो की कधीतरी. चुकला म्हणा! त्यात काय तुमचं नाक कापलं जाणार आहे?

त्या विटा ना? त्या — हो, भिंतीच्याच. उद्या सकाळी गवंडी येणार आहे. तुम्ही बसलात तिथूनच जाणार भिंत, या टोकापासून सरळ त्या झाडापर्यंत. होती तशीच परत. तुम्ही लॉन घालायला आलात तेव्हा भिंत पाडून झाली होती, तुम्ही नुसता राडारोडा पाहिलात, तुम्हाला काय माहीत. अहो, एकच घर हे, सासऱ्यांनी बांधलेलं. अर्धं आमचं, अर्धं मोठ्या दिरांचं — भावजींचं. सासरे गेले आणि दोघं भाऊ पाण्याच्या टाकीवरून भांडले, म्हणजे ऐकलंत तर हसाल, टाकीचं झाकण कुणी उघडं ठेवलं एवढ्यावरून — आणि मध्ये भिंत आली. माझी मुलगी तेव्हा रांगत होती, आता तिची मुलगी रांगते. एवढी वर्षं भिंतीपलीकडं भांडं पडलं की इकडं ऐकायचं आणि काय पडलं ते ओळखायचं, हाच काय तो संबंध. मग भावजींना झटका आला. उजवी बाजू गेली. घरात चाकाची खुर्ची आली आणि तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला, की त्यांच्या दाराला पायऱ्या आहेत, त्याही वळणाच्या, आणि खाली उतरलं की लगेच रस्ता. माणूस बाहेर काढायचा कसा? आमच्या बाजूला फाटक आहे, सपाट. तर ह्यांनी कुणाला न विचारता घण आणला आणि स्वतःच्या हातानं भिंत पाडायला घेतली. दिवसभर पाडत होते. तोंडावरनं ओघळत होतं ते डोळ्यांचं पाणी होतं की घाम होता, मी विचारलं नाही. भावजी खिडकीत. तेव्हा त्यांच्या तोंडातून धड शब्द निघत नव्हता, पण डावा हात वर करून दाखवत होते — इकडून मार, इकडून! स्वतःचा मोठेपणा सोडतील तर शपथ.

पाया तेवढा राहिला. तुम्ही म्हणाला होतात ना, खालच्या विटा काढून टाका, पाण्याला मुरायला जागा हवी — हे म्हणाले, राहू द्या हो, वरून माती पसरा, कोण बघतंय. काल गवंडी येऊन बघून गेला. पायानं माती उकरली त्यानं आणि खूश झाला. म्हणतो, पाया शाबूत आहे, दुपारपर्यंत भिंत उभी करतो.

भाऊ एक झाले, तेव्हाच्या तेव्हा झाले. पुरुषांचं बरं असतं, चार घाव घातले की मन मोकळं. आम्ही दोघी जावा मात्र होतो तिथंच राहिलो. भांडण नाही हो, भांडण असतं तर बरं, भांडणात माणसं बोलतात तरी. आमचं कामापुरतं. ताई, फाटक लावलंय. ताई, तुमचा टपालवाला आला होता. बरं. बस. मोठ्या जाऊबाई म्हणजे — कशा सांगू तुम्हाला — त्यांचं सगळं नीट. दोरीवर वाळत घातलेले कपडे बघा त्यांचे, पट्टीनं आखल्यासारखे. आवाज चढत नाही, भांडं करपत नाही, लावलेलं रोप मरत नाही. आणि मी ही अशी. माझ्या हाताला गुण नाही हे मी या घरात आले त्याच आठवड्यात ठरून गेलं. सासूबाई म्हणायच्या, धाकटीच्या हातात प्लास्टिकचं फूल द्या, तेही सुकेल. प्रेमानं म्हणायच्या, वाईट नव्हत्या हो त्या. सगळे हसायचे. मीही हसायचे, न हसून सांगते कुणाला.

आणि म्हणून हे लॉन — नाही, तसं नाही, भावजींसाठीच घातलं ते. त्यांना व्यायाम द्यायला एक बाई येते, ती म्हणाली, रोज अनवाणी पाऊल गवतावर टेकवू द्या, तळव्याला गार लागेल, टोचेल, कदाचित काही जागं होईल. तर मी म्हटलं, मधल्या पट्ट्यात लॉन घालू या. मी म्हटलं, दादा. या घरात मी पहिल्यांदा काहीतरी म्हटलं आणि सगळे ‘हो’ म्हणाले. तुम्ही गवताचे गालिचे उलगडत होतात, कडेला कड लावून थापटत होतात, तेव्हा मी त्या दारात उभी होते. आणि भावजी खिडकीतून बोलले — जीभ जड, एकेक शब्द ओढून काढावा तसा — म्हणाले, ‘हे... धाकटीचं काम.’ कौतुकानं हो! मी आत गेले आणि नळ सोडून उगाच भांडी घासत बसले, घासलेलीच. हसताय? नाही ना. बरं.

वास? कसला वास? ओल्या मातीचा असेल, मातीला येतोच की वास. — उचललात शेवटी तो कोपरा. नका म्हटलं होतं मी. — अगं बाई. ही मुळं अशी काळी का हो झालीत? हाताला चिकटतायत तुमच्या. सावलीनं होतात ना अशी? सावलीनं होत असतील. — पाणी मी घालते. संध्याकाळी, पाळणाघरातून सुटून आले की. तिथली सगळी लेकरं आयांच्या हवाली करायची, घरी यायचं, पिशवी टेकवायची आणि पहिलं काम हे, पाइप लावायचा. तुम्ही दाखवलं होतंत तस्संच, पाइपच्या तोंडावर अंगठा धरून, शिंपडल्यासारखं. एकदाच. — एकदाच म्हणते ना, मी कशाला खोटं बोलू? — एकदा घातलेल्या पाण्यानं एवढं कुजत नाही? मग दव असेल. झाडावरनं ठिबकत असेल. — तिकडून? तिकडून कोण घालणार! पाइप आमच्याकडं आहे, तिकडं तर नुसता नळ आणि बादली.

असे बघू नका माझ्याकडं. पाळणाघरात मी पोरांकडं बघते तसं बघताय, ‘खडू कुणी खाल्ला’ विचारताना.

बरं. घालत होतं कुणीतरी. पण मला हे आज सकाळी कळलं, दादा, आज सकाळी, तोपर्यंत मला खरंच — तोपर्यंत मला वेगळंच माहीत होतं. म्हणजे मी वेगळंच धरून चालले होते. बसा, सांगते. चहा उकळतोय, उकळू दे.

गवत पहिल्यांदा छान होतं, तुम्ही बघून गेलात तेव्हा. मग त्या मधल्या भागात पिवळं पडायला लागलं. मी जरा जास्त वेळ पाइप धरला. आणखी पिवळं. पाऊल टाकलं की पच् आवाज यायचा, तर मला वाटलं, वा, पाणी चांगलं लागलंय, आता येईल वर. आणि एक दिवस पहाटे मी न्हाणीघराच्या खिडकीतून पाहिलं, मोठ्या जाऊबाई पट्ट्यात ओणव्या झालेल्या, शेजारी बादली. पाठ माझ्याकडं. काहीतरी ओततायत. मला बघून नव्हे — मी दिसतच नव्हते — पण गडबडीनं उठल्या आणि आत गेल्या. मी म्हटलं, फरशी पुसलेलं पाणी टाकलं असेल. मग उजाडल्यावर बघितलं तर मातीवर पांढरं पांढरं काहीतरी. कडेनं, जिथं जुनी भिंत होती तिथं जास्त. मिठासारखं. — बुरशी? तीच ना ही? आणि हे कडेचं? जुन्या भिंतीचा चुना, ओलीनं वर आलेला? हो, असणार. आता तुम्ही म्हणताय तर तसंच दिसतंय. तेव्हा मला मीठ दिसलं. माणसाला जे हवं असतं ते दिसतं.

पण मी बोलले नव्हते हो कुणाला! मनात ठेवलं होतं. मग जेवायला बसलो होतो आणि हे म्हणाले, काय गं, तुझं लॉन तर आडवं झालं, आई म्हणायची तेच खरं, प्लास्टिकचं फूल. चेष्टेनं म्हणाले, तोंडात घास होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, माझ्या हाताला दोष देऊ नका, तुमच्या वहिनी रोज पहाटे मिठाचं पाणी ओततात तिथं. मी बघितलंय. — घास तसाच राहिला त्यांच्या हातात. मला वाटलं, हे म्हणतील, छट्, काहीतरीच काय. तसं नाही म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी मी समोरच्या शिवणवालीकडं बाही उसवायला गेले होते, तिनं विचारलं, चेहरा का असा? तर तिलाही सांगितलं. ती कपडा मापात शिवते, पण गोष्ट नेहमी वीतभर वाढवून. तिनं गल्लीभर केलं. आठवड्यात दुधवाला मला विचारतोय — खारवलं का हो तुमचं गवत?

मग हे गेले पलीकडं. मी गेले नाही, मी इथंच दाराआड उभी होते. भावजींना रागात तर अजिबातच बोलता येत नाही, नुसता आवाज येत होता, ‘ना... ना...’ असा. आणि जाऊबाई काय म्हणाल्या माहितीये? एवढंच म्हणाल्या, ‘मीठ?’ — आणि मग, ‘बरं.’ दार लावून घेतलं. मला वाटलं, बघा, गप्प बसल्या, म्हणजे खरंच असणार. शरम नाही वाटली मला, उलट बरं वाटलं. ते जास्त वाईट ना? हे आले ते फुरफुरत. म्हणाले, मी त्याच्यासाठी भिंत फोडली आणि त्याच्या बायकोनं हे करावं? लावतो परत. मी म्हटलं, जाऊ द्या हो. पण कसं म्हटलं — माणूस दुसऱ्याला आणखी वाढायचं म्हणून ‘पुरे पुरे’ म्हणतो ना, तसं.

तेव्हापासून खुर्ची बाहेर आलेली नाही. भावजी आतच आहेत. फाटकाची कडी सुद्धा मीच लावते आता सकाळ-संध्याकाळ, उघडायला कुणी येत नाही. मोठ्या जाऊबाईंनी एकट्यानं पायऱ्यांवरून खुर्ची उतरवायचा प्रयत्न केला एकदा, शेजारच्याला हाक मारून. पहिल्याच वळणावर अडकली. परत आत घेतली. मी गच्चीवरून बघितलं. कपडे काढायला गेले होते.

आज सकाळचं सांगते. मी मुद्दाम लवकर उठले. मोबाइल घेतला आणि त्या टाकीमागं जाऊन बसले — हो, त्याच टाकीमागं — म्हटलं, उद्या भिंत होणार, त्याआधी एकदा फोटोच काढते, म्हणजे कुणाला शंका नको. त्या आल्या. बादली घेऊन. एवढं सगळं झाल्यावरही आल्या, दादा! खाली बसल्या, आणि मग्गा भरून ओतायला लागल्या. कसं ओतत होत्या — मग्ग्याखाली दुसऱ्या हाताचा पंजा धरला होता, असा, बोटं पसरून, पाणी आधी हातावर पडू दे, मग बोटांमधून गवतावर. धार लागून माती उघडी पडू नये म्हणून. लहान मुलाच्या डोक्यावर घालतात तसं. रिकामी बादली उचलून पुन्हा नळाशी गेल्या, पुन्हा भरून आणली. वाकल्या की कमरेला हात लावायच्या. आणि तेवढ्यात खिडकीतून भावजींचा आवाज आला. ‘ध... धरलं का गवत?’ त्यांना तिथून वरचं झाड दिसतं, जमीन दिसत नाही. आणि जाऊबाई त्या पिवळ्या चिखलात बसून म्हणाल्या, ‘धरतंय हो. आज तर फार हिरवं दिसतंय. आणखी थोडं धरू दे, मग पाय टेकवायचे.’

मी बटण दाबलंच नाही. हातात मोबाइल तसाच. त्या आत गेल्यावर मी त्या जागेवर गेले, बोट लावलं मातीला आणि — चाटलं. हो, चाटलं. खारट नव्हतं. कशासारखंच नव्हतं, पाण्यासारखं होतं.

मग तुम्हाला फोन केला. म्हटलं, सावली. सावलीवर ढकललं तर कुणालाच काही होत नाही. हे म्हणतील, अरेच्चा, सावलीच होती होय — आणि गवंड्याला नको म्हणून सांगतील, आणि सगळं हळूहळू विरून जाईल, मीठबीठ कुणाच्या लक्षातही राहणार नाही. दोघी दोन वेळेला पाणी घालत होतो, ती पहाटे, मी संध्याकाळी, ती मला सांगत नाही, मी तिला सांगत नाही, आणि त्यानं हे बिचारं बुडून मेलं — हे कुणाला सांगायचं? लोक हसतील हो. एक शब्द होता, दादा. ‘ताई, पाणी मी घालते, तुम्ही नका घालू.’ एवढाच. तो नाही निघाला, आणि मीठ निघालं.

काय? — कुणी केला होता? मोठ्या जाऊबाईंनी? तुम्हाला फोन? कधी? — म्हणजे मी ते बोलायच्या आधी. बऱ्याच आधी. — काय म्हणाल्या? नाही, सांगा, आता अर्ध्यावर थांबू नका. — ‘धाकटीला कळू देऊ नका मी विचारलं म्हणून.’ असं म्हणाल्या? का? — ‘तिनं हौसेनं लावलंय, तिला वाटेल आपल्याच हातानं गेलं.’

आपल्याच हातानं, असं म्हणाल्या? हेच शब्द?

थांबा जरा. नाही, काही नाही, डोळ्यात कचरा गेला. ओला कचरा, दुसरं काय.

आणि तुम्ही काय सांगितलंत त्यांना? — पिवळं पडतंय म्हणजे पाणी कमी पडत असेल, वाढवा? न बघता? अहो दादा! फोनवर? म्हणजे ती बाई तुमच्या शब्दावर एकाच्या दोन बादल्या ओतत होती रोज, कंबर धरून — आणि तुम्ही इथं मघापासून मला विचारताय, पाणी कोण घालतं म्हणून! मग गवत तुम्हीच मारलंत की! तुम्ही आणि ते पाण्याला अडवून बसलेलं भिंतीचं बूड. मी घालते एकदा, त्या घालतात दोन बादल्या, दुसरी तुमच्यामुळं. बघा, म्हणजे सावलीची गरजच नाही. हे आले की सरळ सांगता येईल, लॉनवाल्यानंच चुकीचं सांगितलं — काय म्हणता? सांगा? खुशाल तुमच्यावर घाला? तुम्ही कबूल व्हाल ह्यांच्यासमोर?

खरंच व्हाल?

मोठ्या मनाचे आहात. ...नका होऊ, दादा. त्यानं भागत नाही. गवत तुमच्यावर घालता येईल, सावलीवर येईल, भिंतीच्या पायावर येईल. मीठ कुणावर घालू? अजून एक सांगायचं राहिलंय तुम्हाला. सांगणार नव्हते. त्या दिवशी जेवताना मी म्हटलं ना, मिठाचं पाणी ओततात, बघितलंय — तेव्हा ह्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, ‘मीठच होतं? नक्की?’ संधी होती बघा. मी ‘नक्की नाही’ म्हणाले असते तर जेवण पुढं चालू झालं असतं. मी म्हटलं, ‘पिशवी होती की हातात. मिठाची. निळी.’ — निळी! कुठून आली माझ्या डोक्यात कुणास ठाऊक. रंगासकट. लोक तिखटमीठ लावून सांगतात म्हणे, मी तर तिखट सुद्धा नाही लावलं. ह्यांनी भावाला जाऊन तेच सांगितलं, निळी पिशवी, माझ्या बायकोनं डोळ्यांनी बघितलीय. पाडलेली भिंत त्या पिशवीवर उभी राहतेय उद्या. गवतावर नाही.

आणि ती पिशवी माझ्याशिवाय कुणालाच खोटी करता येत नाही. जाऊबाईंनी कितीही सांगितलं तरी नाही. म्हणून तर त्या ‘बरं’ म्हणाल्या असतील.

हे बघा, हे काय करताय? कोपरा परत थापटताय कशाला, तो आता चिकटणार आहे का? — वाळू द्यायचं म्हणता? पाणी पूर्ण बंद करायचं, कडेनं चर खणून खालच्या विटा काढायच्या, आणि नुसतं वाळू द्यायचं? कडेचं जगेल त्यानं? — जगेल. कडेचं तरी जगेल. पण मी बंद करून काय उपयोग, पहाटे तिकडून दोन बादल्या येणारच. त्यांना कुणीतरी सांगायला हवं. — नाही, फोन नका लावू. फोनवर तुम्ही काय सांगता ते कळलं मला.

चहा आटला वाटतं. वास येतोय करपल्याचा. राहू दे. तुम्हाला पुन्हा कधीतरी देईन, नीट. ते बघा, आले. फाटकाचा आवाज, ह्यांचाच. नाही, तुम्ही काही बोलू नका. सावलीचं नाही, पाण्याचं नाही, काहीच नाही. त्यांनी विचारलं तर म्हणा, तुमच्या बायकोलाच विचारा. आणि खुरपं राहू दे इथंच, न्यायला उद्या या, परवा या. — तिकडं दिवा लागला, बघितलंत? आता जाऊबाई भावजींच्या पायाला तेल लावत असतील. मी वाजवलं तर दार उघडतील की नाही कुणास ठाऊक. मी तरी उघडलं नसतं. — जा तुम्ही, दादा. मागच्या बाजूनं जा. जा म्हणते ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला आणि विटांना हात न लावता परत गेला; निळी पिशवी नव्हतीच, हे धाकटीनं आदल्या संध्याकाळी दोन्ही घरांत सांगितलं होतं. मोठ्या जाऊबाई धाकटीशी एक शब्दही बोलल्या नाहीत, पण मधल्या पट्ट्यावर त्या दिवशी कुणीच पाणी घातलं नाही.